कळशीच्या खांद्यावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची कळशी आहे. वय म्हणाल तर तिशीच्या आतलंच. पण ज्या घरात प्लॅस्टिकचा निळा ड्रम येतो, त्या घरात तांब्याची कळशी एका दिवसात म्हातारी होते. भांडुपला कोकणनगरात, टेकडीच्या उतारावर एक चाळ आहे. तिथल्या शेवटून दुसऱ्या खोलीत, पाण्याच्या फळीच्या एका टोकाला मी बसलेली असते. फळीवर स्टीलची भांडी आहेत, पण ती आपसांतच बोलतात आणि फार वाजतात. माझ्याशी बोलणारं घरात एकच माणूस आहे. तेही तोंडाने बोलत नाही, माझ्या खांद्यावर अंगठा फिरवतं. त्या माणसाचीच ही गोष्ट आहे, पण ती सांगायची तर मला माझ्या पोटातलं आधी सांगावं लागेल.

माझा जन्म १९५८ साली मुंबईत एका तांबटाच्या दुकानात झाला. तेव्हा मी नुसता तांब्याचा गोल पत्रा होते. वरून पाहिलं तर एकसारखा, गुळगुळीत. पण तांबं आतून तसं नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून बसलेले असतात. प्रत्येक स्फटिकात अणूंच्या रांगा असतात, शाळेच्या कवायतीत मुलं उभी असतात तशा. आणि कवायतीत जसं कुणीतरी चुकतंच, तशा माझ्या रांगाही चुकलेल्या असतात. एखादी रांग मध्येच संपते आणि शेजारच्या रांगा तिची जागा भरून काढायला किंचित वाकून उभ्या राहतात.

तांबटाची हातोडी पडली की ही चूक जागची हलते. या रांगेतून पुढच्या रांगेत, तिथून त्याच्या पुढच्या रांगेत, अशी सरकत सरकत ती कडेला पोहोचते. तेवढ्याने तांबं केसाच्या जाडीच्या लाखाव्या भागाहूनही कमी सरकतं. अशा कोट्यवधी चुका सरकल्या तेव्हा कुठे माझं पोट गोल झालं. लोक म्हणतात, वस्तू बिनचूक हवी. मी म्हणते, मी बिनचूक असते तर त्या तांबटाला जन्मभर ठोकूनही मला वळण लावता आलं नसतं.

मात्र घाव पडत जातात तशा चुकाही वाढत जातात. मग पाण्याच्या वेळी नळावर बायकांची कोंडी होते तशी त्यांची कोंडी होते. कुणी पुढे जाईना, कुणी मागे सरेना. तांबं ताठ होतं आणि आणखी ठोकलं तर तडकतं. अशा वेळी तांबट हातोडी बाजूला ठेवतो आणि पत्र्याला भट्टीत ताव देतो. लाल झालं की आतले स्फटिक नव्याने तयार होतात, रांगा पुन्हा लागतात आणि जुने घाव तांबं साफ विसरतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मला याच भट्टीची भीती वाटणार आहे.

माझा गळा वेगळा घडवून, डाख लावून अंगाला जोडला. त्या जाळाने माझा खांदा मऊ झाला होता. तो थंड होतोय तोवर दुकानात खंडू आला. मालवणकडचा, विशीतला, हातापायांनी काटक, गोदीत ओझी उचलणारा. त्याच्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न ठरलं होतं. भावाकडून तिला कळशी द्यायची, म्हणून त्याने मला निवडलं.

आपल्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यावर नाव घालतात. आणि लग्नात मुलीचं नावही बदलतात. नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितो आणि तिथून पुढे मुलगी त्या नावाची होते. म्हणून शहाणी माणसं सासरी आधी विचारून घेतात आणि भांड्यावर नवीन नाव घालतात. तांबटानेही तेच विचारलं.

"नाव काय घालू? लग्नानंतरचं काय ठरलंय?"

"ता सासरच्यांका म्हायत," खंडू म्हणाला. "माझी भैण शकु. छिन्नी हाड हयसर, मीच घालतंय." आणि त्याने छिन्नीसाठी हात पुढे केला.

खंडू शाळेत गेला नव्हता. त्याला अक्षरं शकुने शिकवली होती, चुलीपुढे बसून कोळशाने जमिनीवर. तिने त्याला पहिलं अक्षर शिकवलं ते स्वतःच्या नावातलं, 'श'. तेच त्याने माझ्या खांद्यावर पहिलं ठोकलं. त्याचा 'श' वाकडा आला, शेपूट भलतीच लांब गेली. मग 'कु'. दोन अक्षरांना त्याला अर्धा तास लागला. प्रत्येक घावाखाली माझ्या मऊ रांगा ढासळत गेल्या, वर दिसत होतं त्याच्या कितीतरी खालपर्यंत. तांबट हसत होता. मला मात्र तो घाव लागला असं कधी वाटलं नाही.

गावी लग्नात मला रुखवतात मांडलं. तिकडे नवरदेवाने, सहदेवने, ताटात 'रुक्मिणी' लिहिलं आणि इकडे बायका माझ्याभोवती जमल्या. "ही शकु कोण गो? नवरीचा नाव तर रुक्मिणी!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की नवरीच्या कानापर्यंत गेलं. तिची सासू द्रौपदीबाई हसली नाही. तिला ती लाज वाटली. पुढे सगळे मुंबईला आले, सहदेव गिरणीत लागला आणि भांडुपची ही खोली झाली. पहिल्याच महिन्यात द्रौपदीबाईंनी मला एका भांडीवाल्याकडे नेलं. त्याने कानशीने माझा खांदा घासून गुळगुळीत केला आणि दुसऱ्या खांद्यावर 'सौ. रुक्मिणी' असं सुबक अक्षरांत घातलं. मी द्रौपदीबाईंना फार दोष देत नाही. त्या काळी चार घरांत जे चालत होतं तेच त्यांनी केलं.

रुक्मिणीने मला घरी आल्यावर पाहिलं. गुळगुळीत जागेवरून तिने अंगठा फिरवला. मग मला घेऊन पाण्याला गेली.

त्या वर्षी भाऊबीजेला खंडू आला. रुक्मिणीने त्याला ओवाळलं. त्याने पाणी मागितलं आणि ती पेला शोधेपर्यंत स्वतःच मला उचललं. त्याने माझा खांदा पाहिला. मला फिरवून दुसरा खांदा पाहिला. मग मला खाली ठेवलं आणि पाणी न पिताच तो म्हणाला, "जातंय मी. काम आसा." ताट वाढलेलं होतं. रुक्मिणी दारापर्यंत धावली, पण सासू समोर बसली होती. तिच्यादेखत काय सांगणार? खंडू चाळ उतरून गेला तो पुन्हा आला नाही. त्याला वाटलं, बहिणीनेच नाव पुसलं. मुंबईची हवा लागली आणि भावाचं वाकडं अक्षर तिला नकोसं झालं.

मित्रांनो, ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. रुक्मिणीला भाऊ होता. आधी गोदीजवळ आणि मग माहुलला, तेलाच्या कारखान्यांशेजारी एका खोलीत तो राहतो, हे गावाकडच्या माणसांकडून तिला कळत होतं. तरी ती दर भाऊबीजेला संध्याकाळी निरांजन घेऊन चाळीच्या टोकाला जायची आणि ती बारीक कोर बुडायच्या आत तिला ओवाळून यायची. पहिल्या वर्षी रडत ओवाळलं, पुढे नुसतंच. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "भाऊ लांब असतो."

शकु म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आईवडील गेले. नवरा 'अगो' म्हणायचा, चाळीत ती 'जयंतीची आई' होती. खरं सांगायचं तर रुक्मिणी म्हणूनसुद्धा तिला फारसं कुणी बोलावत नसे. ते नाव रेशनकार्डावर होतं आणि माझ्यावर.

वर्षं गेली. द्रौपदीबाई गेल्या. संपात गिरणी बंद पडली आणि सहदेव मुलुंडला एका इमारतीवर वॉचमन झाला. जयंती, त्यांची एकुलती मुलगी, विज्ञान शिकून भांडुपच्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. धातूचे तुकडे घासायचे, आरशासारखे करायचे, त्यांवर आम्ल लावायचं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, हे तिचं काम. म्हणजे माझ्या पोटातलं जे मला जन्मापासून ठाऊक होतं, ते पाहायला तिला पगार मिळत होता! मी एकदा नळावरून घसरले, पोटाला दोन मोठे पोचे पडले, आणि निळा ड्रम आला तेव्हा माळ्यावर गेले. तिथे चार वर्षं होते. अंधारात हिरवट डाग चढत होते आणि खालून रुक्मिणीच्या एकटीच्या वावरण्याचा आवाज येत होता. दिवसभर घरात दोघीच असायचो, ती खाली आणि मी वर.

१९८६ साली जयंतीचं लग्न ठरलं. रुक्मिणीने मला माळ्यावरून काढलं, चिंच लावून घासलं आणि नाक्यावरच्या दशरथ भांडीवाल्याकडे दिलं. पोचे काढून नवी करून द्या, लेकीच्या रुखवतात मांडायची आहे, असं सांगून ती गेली. दशरथने मला भट्टीजवळ ठेवलं. आधी एका बंबाचा नंबर होता, मग माझा.

भट्टी फुलत होती आणि मला एकच गोष्ट ठाऊक होती. कानशीने माझ्या खांद्यावरचं नाव वरवरचं नेलं होतं. पण खंडूच्या घावांनी ढासळलेल्या रांगा खाली तशाच होत्या, 'श'च्या आकाराच्या, 'कु'च्या आकाराच्या. अठ्ठावीस वर्षं मी त्या जपल्या होत्या. एकदा लाल झाले की रांगा नव्याने लागतील आणि ते नाव जगात कुठेच राहणार नाही. आणि हे कुणाला सांगायचं? कळशी रिकामी असली तर घुमते, एवढंच.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. संध्याकाळी जयंती कामावरून आली आणि रुक्मिणी तिला म्हणाली, "तुझं नाव काय ठेवणार ते सासरी विचारून घे हो. आधी विचारलेलं बरं असतं."

"का गं? मला नाही बदलायचं नाव. सांगितलंय मी त्यांना."

रुक्मिणीने भाजीची जुडी पुढ्यात ओढली. मग भाजी निवडता निवडता तिने लेकीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. शकु, खंडू, कानस, न प्यालेलं पाणी. जयंतीने ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "आई, दशरथकाका कळशी तापवणार आहेत का?"

"म्हणजे काय? तापवल्याशिवाय पोचे कसे निघतील?"

"आई, ते नाव गेलेलं नाही! वरून गेलंय फक्त. आत आहे." आईचा चेहरा कोराच राहिला, तेव्हा जयंतीने जमिनीवरच्या सतरंजीला हाताने एक सुरकुती पाडली आणि ती ढकलत कडेपर्यंत नेली. "धातूला मारलं की आत अशा सुरकुत्या पडतात. पण खूप मारलं ना, की त्या आतच अडकून बसतात. वरून घासून त्या जात नाहीत. तापवल्यावर जातात. मी आलेच."

ती चपला न घालता धावत आली. तोवर बंब भट्टीवरून उतरला होता आणि दशरथने मला चिमट्यात धरलं होतं.

"काका, थांबा! तापवू नका ती."

"अगं, असंच ठोकलं तर तडा जाईल तिला."

"ठोकूही नका. तशीच द्या."

"येडी की काय तू? पोचेवाली कळशी रुखवतात मांडणार?"

"नाही मांडणार. द्या ना काका, प्लीज."

दशरथने मला तिच्या हातात दिलं. तिने मला पोटाशी धरलं तेव्हा तिची छाती धडधडत होती आणि ती धडधड माझ्या रिकाम्या पोटात घुमत होती.

घरी आल्यावर तिने आईला समजावलं. तिच्या प्रयोगशाळेत नुकताच यंत्राचा एक भाग आला होता, त्यावरचा नंबर कुणीतरी घासून काढला होता. तिथल्या श्यामसुंदर सरांनी त्या जागेवर आम्ल लावलं. ढासळलेल्या रांगांना आम्ल लवकर खातं आणि बाजूच्या शहाण्या रांगांना उशिरा, म्हणून नंबर वर आला. तांब्यासाठी वेगळं औषध लागतं, तेही तिथे होतं. "उद्या विचारून थोडं आणते," जयंती म्हणाली. "पण आई, हे एकदाच होतं. औषध ती खालची अक्षरंही खात जातं. दिसतात थोडा वेळ, मग तीही जातात."

"एकदाच?"

"एकदाच."

रुक्मिणीने माझ्या खांद्यावर अंगठा ठेवला. मला वाटलं, ती म्हणेल की उद्याच बघू. तिच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. पण ती म्हणाली, "मग इथे नको. खंडूसमोर."

रविवारी दोघी माहुलला निघाल्या. मी रुक्मिणीच्या मांडीवर होते, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. बसमध्ये तिने तीनदा विचारलं, "नाही आलं वर तर?" जयंती म्हणाली, "येईल." तिसऱ्यांदा मात्र तिने पिशवीतली औषधाची बाटली चाचपून पाहिली. तेलाचा उग्र वास येऊ लागला आणि माहुल आलं.

खंडूचं दार उघडंच होतं. आत तो खाटेवर बसून धापा टाकत होता. एकटा माणूस, एक स्टोव्ह, दोरीवर एक सदरा. डोळ्यांवर हात धरून त्याने विचारलं, "कोण गो?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

रुक्मिणी तरी कुठलं नाव सांगणार? शेवटी तिने लुगडं सोडलं आणि मला त्याच्यापुढे ठेवलं. त्याने मला ओळखलं. माझ्याकडे बघत तो म्हणाला, "कित्याक इलंस?"

"तुझा अक्षर परत देऊक."

जयंती कामाला लागली. तिने खांद्याच्या त्या गुळगुळीत जागेवर घासायचा बारीक कागद हळूहळू फिरवून आरसा केला. मग कापसाने ते पिवळसर औषध लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. माझ्या खांद्याला मुंग्या आल्यासारखं झालं. बराच वेळ काही दिसलं नाही. खंडू म्हणाला, "पोरी, रवांदे. गेला ता गेला." रुक्मिणीने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

आणि मग ती शेपूट दिसली. लांब, वाकडी, भलतीकडे गेलेली. तिच्यामागून अख्खा 'श' आला. मग सावकाश 'कु'. पाण्याच्या तळातून काही वर यावं तसं ते आलं, काळपट आणि अंधुक, पण अगदी त्याच्याच हातचं.

खंडू वाकला. त्याने ओठ हलवत अक्षरं लावली, चुलीपुढे लावायचा तशी. "शकु," तो म्हणाला.

"ओ," रुक्मिणी म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांत ती इतक्या पटकन कुणाला ओ म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं.

मग खंडू रडला. "माका वाटला, तूच पुसलंस."

"मी पुसूक नाय रे. सासूबायनी पुसला. तू इचारूक नाय, मी सांगूक नाय." एवढं बोलून तीही रडली. जयंतीने मला पाण्याने धुतलं, तरी अक्षरं फिकट होत चालली होती. खंडूने ते पाहिलं. त्याने खाटेखालून हातोडी आणि छिन्नी काढली, माझ्या पोटात ओली वाळू ठासून भरायला लावली आणि फिकट रेषेवर छिन्नी ठेवली.  दर घावानंतर त्याला थांबून श्वास घ्यावा लागत होता. 'श' पुरा व्हायला पाऊण तास गेला. शेपूट या वेळीही लांबच गेली. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि हातोडी खाली पडली.

"रवांदे आता," रुक्मिणी म्हणाली.

"'कु' भाऊबीजेक घालतंय," खंडू म्हणाला. "मीच येतंय तुझ्याकडे. जेवूक वाढ माका, मागचा ताट तसाच रवला." आम्ही निघताना त्याने माझ्यातली वाळू ओतून टाकली, मला धुऊन भरलं आणि वाकवून पाणी प्यायला.

मे महिन्यात जयंती सासरी बोरिवलीला गेली, जयंती म्हणूनच. मला मात्र तिने नेलं नाही. "ही तुझी आहे," आईला म्हणाली. खंडू लग्नाला आला, मागच्या खुर्चीवर बसून जेवला आणि दोनदा उगाचच "शकु, शकु" अशा हाका मारून गेला. पण पावसाळ्यात त्याचा दमा वाढला. गणपती गेले त्या आठवड्यात माहुलहून तो गेल्याचा निरोप आला. 'कु' राहिला तो राहिलाच.

त्या भाऊबीजेला सहदेवची ड्युटी होती. रुक्मिणी घरात एकटी होती. तिने दोन ताटं वाढली, निरांजन लावलं आणि चाळीच्या टोकाला जायला निघाली. दारातून ती परत फिरली. माझ्यापुढे पाट ठेवला, खांद्याला कुंकू लावलं आणि त्या एकट्या 'श'ला ओवाळलं. मग दार लोटून घेतलं आणि जेवायला बसली. चंद्राकडे ती त्या वर्षी गेली नाही.

मित्रांनो, आता मी फळीवर असते. पोचे तसेच आहेत. पाणी ड्रममधलं भरतात, पण रोज सकाळी रुक्मिणी मला एक तांब्या पाणी घालते आणि अंगठा फिरवते. 'श'च्या पुढे तिच्या अंगठ्याला काही लागत नाही, तरी ती अंगठा तिथपर्यंत नेते. आतही आता फारसं काही उरलेलं नाही. औषधाने बरंचसं खाल्लं. मी तिला हे सांगू शकत नाही, आणि सांगता आलं असतं तरी सांगितलं नसतं.

जुनं भांडं मोडीत टाकण्याआधी त्याचा खांदा एकदा उजेडात धरून बघा, एवढी माझी विनंती आहे. आणखी एक काम करा. आज घरी गेलात की आईला तिचं माहेरचं नाव विचारा. ते कळलं की थोड्या वेळाने, ती कामात असताना, त्या नावाने तिला एकदा हाक मारा. कदाचित ती लगेच वळून पाहणार नाही. जरा थांबा आणि पुन्हा हाक मारा.